ज्येका कोण नाय

१

हॉस्पिटलातून मिळालेला कागद बाबली घाडीने देवाच्या फळीवर, पंचांगाखाली दाबून ठेवला होता. त्याला अक्षरं लावता येत, पण सावकाश. म्हणून शेजारच्या तुळसाने तो कागद त्याला दोनदा वाचून दाखवला होता. रात्री दहानंतर काही खायचं नाही. पहाटेनंतर पाणीसुद्धा नाही. आंघोळ करून यायचं, अंगाला तेल लावायचं नाही. हातातला दोरा, गळ्यातली माळ, कमरेचा करगोटा सगळं घरी काढून ठेवायचं. सात वाजता हजर राहायचं. सोबत एक नातेवाईक आणायचा.

शेवटची ओळ तुळसाने जरा भराभर वाचली होती.

"मी येतंय मां," ती म्हणाली होती. "भिंतीक भिंत लागान घर आसा. नातेवाईक आणखी कसो आसता?"

दोन वर्षांपासून बाबलीला उजव्या बाजूला हर्निया होता. खोकला आला की तो तिथे हात दाबून धरायचा. काजू गोळा करायला वाकला की वाकल्या जागीच बसून घ्यायचा. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका, एखाद दिवशी आतडं अडकलं तर गावातून कुडाळपर्यंत पोचायला वेळ मिळायचा नाही. त्याचं वय चौऱ्याहत्तर. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. पुतणी किशोरी म्हापशाला दिलेली. तिचा फोन यायचा, "काका, माका येवचा होता, पण..." आणि त्या पणच्या पुढे पोरांच्या परीक्षा असायच्या. किशोरी वाईट नव्हती. लांब होती.

कापण्याची भीती बाबलीला नव्हती. कापणं आणि शिवणं हे त्या लोकांचं रोजचं काम, जसं आपल्याला भात लावणं, एवढं त्याला कळत होतं. त्याला रुखरुख होती ती एकाच गोष्टीची. त्याच्यासाठी गाऱ्हाणं घालणारं कोणी उरलं नव्हतं.

२

घाडी घराण्याकडे गावचं गाऱ्हाणं होतं. देवासमोर उभं राहायचं आणि दुसऱ्यासाठी मागायचं. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची गाभण म्हैस, कुणाचा मुलगा बोटीवर निघालेला. मागणारा एक. बाकीचे त्याच्या पाठीमागे हात जोडून, डोळे मिटून उभे. तो एक वाक्य म्हणतो आणि थांबतो. त्या थांबलेल्या जागेत सगळ्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." ते आलं नाही तर ते गाऱ्हाणं नव्हे, एकट्या माणसाची बडबड. शेवटच्या वाक्याला व्हय मिळालं की गाऱ्हाणं पोचलं.

गावाची रीत अशी की गाऱ्हाणं कानावर पडलं की माणूस असेल तिथे थांबतो. कमरेवर कळशी असो, डोक्यावर गवताचा भारा असो. थांबायचं, डोळे मिटायचे आणि व्हय म्हणायचं. बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती. व्हय म्हणायची होती.

बाबलीच्या बापाने त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक म्हणजे आपलं गाऱ्हाणं आपण घालायचं नाही. ते दुसऱ्याने घालायचं. का, ते बापाने सांगितलं नव्हतं आणि बाबलीने विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे शेवटचं वाक्य. ते घाडी घराण्याचं स्वतःचं होतं, बाकी गावांत नव्हतं. जत्रेला कोण कुठला माणूस येतो. खाजं-मिठाई विकणारा येतो, भिकारी येतो, वाट चुकलेला येतो. त्यांची नावं गाऱ्हाण्यात कोण घेणार? म्हणून शेवटी म्हणायचं, "आणि ज्येका कोण नाय, तेका माझ्या पाठसून ठेय." म्हणजे त्याला माझ्या पाठीमागे ठेव, देवा, मी त्याला घरापर्यंत नेतो.

पन्नास वर्षं बाबली हे वाक्य म्हणत आला होता. गाऱ्हाणं संपत आलं की ते आपोआप जिभेवर यायचं, त्याचा अर्थ मनात यायच्या आधी.

यंदाच्या जत्रेला रवळनाथाच्या देवळात व्हय म्हणायला नऊ माणसं होती. त्यातली चार पर्यटक होती आणि त्यांच्या हातात मोबाईल होते.

३

सातला पाच कमी असताना रिक्षा हॉस्पिटलाच्या दारात थांबली. आत फरशी पुसून नुकतीच वाळत होती आणि फिनेलचा वास होता. काचेच्या पलीकडच्या मुलीने नाव विचारलं.

"बाबली विठोबा घाडी."

"कसलं ऑपरेशन?"

"हर्नियाचा."

"कुठली बाजू?"

"उजवी."

हेच तीन प्रश्न पुढे रक्तदाब बघणाऱ्याने विचारले. मग नम्रता सिस्टरने विचारले. ती गोल चेहऱ्याची, शांत मुलगी होती. तिने पेनने त्याच्या उजव्या बाजूला एक बाण काढला.

"सगळ्यांका माझा नाव कळला," बाबली तुळसाकडे वळून हळूच म्हणाला. "तरी इचारतत."

"चुकान दुसऱ्याचा पोट फाडूक नको म्हणान," तुळसा म्हणाली.

सिस्टर हसली. "बरोबर बोलतात काकी. माणूस तोच आहे ना, हे प्रत्येक दाराशी बघायचं असतं."

कागदावर सही करायची वेळ आली. रुग्णाशी नातं, या रकान्यापाशी तुळसाचं पेन थांबलं. मग तिने मोठ्या अक्षरांत 'शेजारीण' असं लिहिलं. सिस्टरने ते वाचलं आणि कागद घेतला.

बाबली आत जाऊन हिरवा गाऊन घालून आला. गाऊनच्या नाड्या पाठीमागे होत्या आणि त्याला बांधता आल्या नव्हत्या. पायात निळ्या रबरी चपला. तुळसाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लग्नात तरी इतके नटललास काय, काका?"

"गप बस गो. पाठीसून वारो लागता."

"फिरा मागे," ती म्हणाली आणि त्याच्या नाड्या बांधू लागली. बोटं भातशेतीची, खडबडीत. पण गाठ हलकी मारली. बांधताना तिचा मोबाईल वाजला, वाडीतल्या कोणाचा तरी. तिची म्हैस कालपासून अडून होती. आता तिने पाण्याची पिशवी टाकली होती आणि घरी कोणी नव्हतं.

तुळसाने फोन बंद केला. तिने नाडी पुन्हा सोडून पुन्हा बांधली.

"जा गो तू," बाबली म्हणाला.

"तुमका हंय एकट्याक टाकून?"

"माका बघूक हंय धा माणसा आसत. तिका कोण आसा?"

"दोन वाजेपर्यंत येतंय. येतंयच."

ती पायऱ्या उतरून रस्ता ओलांडेपर्यंत तो खिडकीत उभा होता. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती गेली नसती, हे त्याला ठाऊक होतं.

४

ऑपरेशनच्या आधी थांबायची खोली लहान होती. त्यात दोन खाटा आणि मधे छतापासून सोडलेला हिरवा पडदा होता. सिस्टरने त्याला खिडकीकडच्या खाटेवर झोपवलं, हाताला सलाईन लावलं.

"तासभर पडून राहा आजोबा. आज तुमची एकच केस आहे. घाबरू नका, डॉक्टर आले की नेऊ."

"पाणी?"

"नाही. मी कापूस ओला करून ओठांना लावते." तिने लावला आणि ती गेली.

खोली एकदम मोठी झाली. सलाईनचा थेंब पडत होता. कुठेतरी खाली एक टीव्ही चालू होता, शब्द कळत नव्हते. खिडकीबाहेर माडाची एक झावळी काचेला घासत होती, थांबत होती, पुन्हा घासत होती. बाबलीने मनगटाकडे पाहिलं. जिथे दोरा असायचा तिथे कातडीचा एक पांढरा पट्टा उरला होता.

लहानपणी बाप तापाने पडला तेव्हा काकाने गाऱ्हाणं घातलं होतं. बायको पडली तेव्हा त्याने स्वतः घातलं होतं. लोकांनी व्हय म्हटलं होतं, पण ती गेली, ते वेगळं. जाताना तिच्या पाठीमागे गाव उभा होता. त्याच्या पाठीमागे आता एक उशी होती, आणि तिला प्लास्टिकचा वास होता.

देवा, मी रीत मोडतो, असं तो मनात म्हणाला. माझ्याकडे दुसरा माणूस नाही.

त्याने हात जोडले. सलाईनची नळी ताणली म्हणून जरा सैल केले.

"बा देवा म्हाराजा," तो पुटपुटला. "आज ह्यो बाबली घाडी... हंय कुडाळाक, परक्या खाटीर पडलो हा..."

आणि तो थांबला. थांबायचं कारण नव्हतं. समोर कोणी नव्हतं. पण जीभ तिथे थांबायला शिकली होती. थेंब पडला. झावळी घासली.

"तेका कापतले, शिवतले. तेका बरो कर. तेच्या घराक तेका पोचव..."

पुन्हा थांबला.

"व्हय म्हाराजा."

पडद्याच्या पलीकडून आलं. हळू, कोरड्या घशाचं, पण चुकीची जागा न घेता, अगदी जिथे यायचं तिथे.

बाबलीच्या डोळ्यांत पाणी आलं. पलीकडे आपलाच कोणी माणूस होता. त्याचाही घसा उपासाने सुकलेला. न सांगता व्हय म्हणणारा माणूस म्हणजे आपल्याच भागातला. बाबलीचा आवाज मोकळा झाला.

"डॉक्टराच्या हाताक येस दी..."

"व्हय म्हाराजा."

"इडा-पिडा आसात ती टाळ..."

"व्हय म्हाराजा."

देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं त्याला. आणि शेवटचं वाक्य जिभेवर आपोआप आलं.

"आणि ज्येका कोण नाय, तेका माझ्या पाठसून..."

"व्हय म्हाराजा."

या वेळी पलीकडच्याने थांबण्याची वाट पाहिली नाही. बाबलीचं 'ठेय' अजून तोंडात असताना ते आलं, आणि इतकं जवळून आलं की पडदा हलला.

५

"खंयचे रे बाबा तुमी?" बाबलीने थोड्या वेळाने विचारलं. "गाव खंयचा?"

उत्तर आलं नाही. दमला असेल. त्याने वाट पाहिली.

सिस्टर आली तेव्हा तो म्हणाला, "पलीकडच्या पेशंटाक पण कापूस लावा गो. तेचो घसो सुकलो हा."

"पलीकडे कोणी नाही आजोबा. सांगितलं ना, आज तुमची एकच केस."

तिने पडदा सरकवला. पलीकडची खाट लोखंडी, उघडी. गादी गुंडाळून डोक्याच्या बाजूला उभी करून ठेवलेली. खाटेच्या नुसत्या पट्ट्या दिसत होत्या आणि त्यातून खालची फरशी.

फरशीवर निळ्या रबरी चपलांचा एक जोड होता. बाबलीच्या खाटेकडे तोंड करून, नीट जोडून ठेवलेला, देवळाबाहेर ठेवतात तसा.

"हे आणि कोणी ठेवलं," सिस्टर म्हणाली आणि पायाने तो जोड कोपऱ्यात लोटला.

ती गेल्यावर बाबलीने शांतपणे विचार केला. रात्रीपासून पोटात काही नाही. म्हातारं डोकं. पन्नास वर्षं जे कानांनी ऐकलं ते कान आपलं आपण म्हणत असतील. शिवाय ही फरशीची, टाइल्सची खोली. अशा खोलीत आवाज फिरतो. विहिरीत नाही का हाक फिरून वर येत?

हे त्याला पटलं. पटल्यावर तो थोडा वेळ निवांत पडला. मग त्याच्या ध्यानात आलं की विहिरीत आपण मारलेली हाक परत येते. न मारलेली येत नाही.

व्हय म्हाराजा हे शब्द आज सकाळपासून त्याने एकदाही उच्चारले नव्हते. आयुष्यात फारसे उच्चारले नव्हते. तो मागणारा होता.

त्याने कोपऱ्याकडे पाहिलं नाही. चपला तिथेच असतील, असं ठरवून टाकलं.

६

सुशांत नावाच्या हसऱ्या वॉर्डबॉयने ट्रॉली आणली. "चला आजोबा, गाडी इली तुमची. तिकीट नाय, फुकट." छतावरच्या ट्यूबलाइटी एकामागून एक डोक्यावरून जाऊ लागल्या. सुशांत पायाकडून ट्रॉली ओढत होता; त्याची पाठ बाबलीला दिसत होती. ट्रॉली डोक्याकडूनही कोणी ढकलत असावं, कारण वळणावर ती अलगद फिरली. बाबलीने मान मागे टाकून बघायचा प्रयत्न केला, पण उशी आड आली.

आत गार होतं. देवळाच्या गाभाऱ्यात असतं तसं, पण ओलाव्याशिवाय. पुन्हा तेच विचारलं. नाव? कसलं ऑपरेशन? कुठली बाजू? त्याने सांगितलं. त्याला उठवून बसवलं, पाठ वाकवायला सांगितली. मणक्यात मुंगी चावल्यासारखं झालं. मग पायांच्या बोटांपासून एक थंड ऊब वर चढत आली आणि तिच्या मागोमाग पाय नाहीसे झाले. डॉक्टर म्हणाले, पाय उचला. बाबलीने उचलले. कोणाचेच पाय हलले नाहीत.

"आता हे पाय पाच-सहा तास तुमचे नाहीत," डॉक्टर म्हणाले. "नंतर परत देतो." सगळे हसले. बाबलीही हसला.

छातीवर हिरवा कपडा आडवा धरला गेला. पलीकडे कापाकापी सुरू झाली, असं त्याला आवाजांवरून कळलं. भांड्यात चमचा पडावा तसे आवाज. डॉक्टर आणि भूल देणारे क्रिकेटबद्दल बोलत होते. मशीन टिकटिकत होतं. त्याला काही दुखत नव्हतं. आपल्याच शरीरात कोणी दुसरा राहायला आलाय आणि सामान लावतोय, एवढंच वाटत होतं.

वर मोठा गोल दिवा होता. दिव्याची कड चकचकीत स्टीलची, तिच्यात खालची खोली वाकडी, लहान दिसत होती. बाबली बघत राहिला. हिरवी टोपी, हे डॉक्टर. दुसरी टोपी, ते मदतनीस. मशीनपाशी भूल देणारे. हत्यारं देणारी नम्रता सिस्टर. चार झाले.

त्याच्या स्वतःच्या डोक्याच्या मागे, भिंतीला लागून, पाचवा उभा होता.

त्याला टोपी नव्हती. तोंडाला फडकं नव्हतं. अंगात गाऊन होता, बाबलीच्या अंगात होता तसलाच, आणि त्याच्या नाड्या कोणी बांधल्या नव्हत्या, त्या दोन्ही बाजूंनी लोंबत होत्या. पाय अनवाणी होते. हात जोडलेले होते. मान खाली होती, गाऱ्हाण्याला उभा राहिलेला माणूस ठेवतो तशी. तोंड दिसत नव्हतं.

तो कसली तरी वाट पाहत होता. बाबली पुढचं वाक्य कधी म्हणतो, याची.

बाबलीने ओठ घट्ट मिटले.

"आजोबा, दुखतंय का?" भूल देणाऱ्यांनी विचारलं. "पाणी का येतंय डोळ्यांतून?"

त्याने नकारार्थी मान हलवली. त्यांनी सलाईनमध्ये काहीतरी सोडलं. दिव्याची कड पातळ होत गेली. ती विझायच्या आधी त्याला दिसलं की ती खाली घातलेली मान हळूहळू वर येऊ लागली आहे.

७

"आजोबा! नाव सांगा बघू."

"बाबली... विठोबा घाडी."

"छान. झालं ऑपरेशन. मस्त झालं."

दोन वाजता तुळसा आली. तिच्या लुगड्याला चिकाचा वास होता. "म्हशीक पारडी झाली!" ती दारातूनच म्हणाली. "कपाळार पांढरो टिको. नाव तुमी ठेवचा." ती त्याच्या पायांशी बसली आणि पाय चेपू लागली. तिचे हात त्याला दिसत होते, लागत नव्हते. संध्याकाळपर्यंत पाय परत आले.

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. पुन्हा एक कागद. जड उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत, दहा दिवस घराबाहेर चालायचं नाही. देऊळ घरापासून पंधरा मिनिटांवर होतं. ज्याला कोणी नाही त्याला त्याने आपल्या पाठीमागे मागून घेतलं होतं, आणि त्याला व्हयही मिळालं होतं. असं गाऱ्हाणं परत कसं घ्यायचं, हे बापाने कधी सांगितलं नव्हतं. पण देवळात उभं राहिलं असतं तर काही सुचलं असतं, असं बाबलीला वाटत होतं. आता दहा दिवस थांबायला हवं.

रिक्षात तो एका कडेला अंग चोरून बसला.

"मधी सरकान बसा मां," तुळसा म्हणाली. ती पुढे, चालकाच्या शेजारी पिशव्या घेऊन बसली होती. "पिंगुळीच्या खड्ड्यात बाहेर पडशात."

"माका हंयच बरा."

"अख्खी सीट रिकामी ठेवन कडेक बसतत. कोण येवचो आसा काय?"

बाबलीने शेजारच्या मोकळ्या सीटकडे पाहिलं नाही. पारडीच्या नावाबद्दल बोलू लागला. ते संपल्यावर पावसाबद्दल, मग काजूबद्दल, मग किशोरीच्या पोरांबद्दल. तुळसा मागे वळून बघत राहिली. चाळीस वर्षांच्या शेजारात तिने त्याला एका दमात इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

"काका, डॉक्टरान पोटात काय घातल्यान? रेडियो?"

तो हसला, पण थांबला नाही. थांबलं की जागा पडत होती. आणि जागा पडली की त्या जागेत कोणीतरी श्वास घेऊन तयार होत होतं.

८

घरी तिने त्याला लोट्यावर, पुढच्या उघड्या खोलीत, खाट घालून दिली. तिथून खळं, म्हणजे पुढचं अंगण, दिसायचं, आणि खळ्यापलीकडे तिचं घर. दोन दिवस बरे गेले. ती सकाळ-दुपार पेज आणायची. बाबलीने देवाला दिवा लावला, पण तोंडातून शब्द काढला नाही. नुसता नमस्कार केला आणि पाठ न दाखवता मागे सरला.

तिसऱ्या दुपारी ऊन तापलं होतं. कावळासुद्धा ओरडत नव्हता. बाबली पडून होता, जागा होता. जागा होता हे त्याला नंतर स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगायला आवडलं असतं.

आतल्या खोलीतून आवाज आला.

"बा देवा म्हाराजा..."

संथ, जाडसर, शेवटचा शब्द जरा ओढलेला. मागे एकदा किशोरीने जत्रेतलं गाऱ्हाणं मोबाईलवर भरून त्याला ऐकवलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, माझा आवाज असा आहे? तो आवाज असाच होता.

"आज ह्यो बाबली घाडी... कापून, शिवून घराक इलो हा..."

आणि आवाज थांबला. नेमका तिथे, जिथे थांबायचं.

बाबलीने हात उचलून स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबला. जीभ आत हलत होती. मागणारी जीभ, तिला व्हय म्हणायची सवय नव्हती, तरी ती वर उचलली जात होती. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्याच्यासाठी मागत होतं. त्याचं नाव घेऊन मागत होतं. या एका गोष्टीसाठी तो हॉस्पिटलच्या खाटेवर रडला होता. आता ती आली होती, आणि त्याचं अंग थंड पडलं होतं.

"ह्येका पोर नाय... ह्येची बायल गेली... ह्येच्या पाठीमागे कोण उभो रवाक नाय..."

थांबला.

ती जागा रिकामी गेली. बाबली मनात म्हणाला, जाऊ दे. व्हय मिळालं नाही तर नुसती बडबड. मी तोंड उघडत नाही. घरात तिसरं कोणी नाही. एकच वाक्य उरलंय. ते रिकामं गेलं की संपलं.

तेव्हा त्याला खळ्यात तुळसा दिसली.

पेजेचं भांडं पदराने दोन्ही हातांत धरून ती येत होती. तुळशीवृंदावनाशी आली आणि थांबली. तिने कान दिले. तिच्या तोंडावर हसू आलं, मग ते हसू विरून तोंड लहान मुलीसारखं झालं. काकांचा आवाज. काका बरे झाले. काका गाऱ्हाणं घालतायत.

बाबलीने जोरजोरात मान हलवली. नको. नको गो. ओरडावं म्हटलं तर हात तोंडावरून निघेना. आणि या क्षणी तोंडातून काहीही निघालं तरी ते त्या जागेत पडलं असतं. त्याने मोकळा हात तिच्याकडे हलवला.

पण तिने रीतीप्रमाणे डोळे मिटले होते. हात जोडता येत नव्हते, भांडं गरम होतं, म्हणून मान खाली घातली होती.

आतून शेवटचं वाक्य आलं. घाडी घराण्याचं.

"आणि ज्येका कोण नाय, तेका माझ्या पाठसून ठेय..."

"व्हय म्हाराजा," तुळसा उन्हात उभी राहून मनापासून म्हणाली.

मग तिने डोळे उघडले, पदराच्या टोकाने पुसले आणि पायऱ्या चढून आत आली.

"किती दिसांनी तुमचा गाऱ्हाणा ऐकलंय, काका. आंगार काटो इलो. कोणासाठी घातलास?"

बाबलीने तोंडावरचा हात काढला नव्हता. त्याच्या पायांच्या बोटांपासून ती थंड ऊब वर चढत होती. घोटे गेले. गुडघे गेले.

आत, मागीलदाराची कडी निघाली. दार उघडल्याचा उजेड आतल्या खोलीतून लोट्यापर्यंत आला. उजेडात एक सावली होती. तिच्या दोन्ही बाजूंनी नाड्या लोंबत होत्या. ती दाराबाहेर पडली आणि कोणीतरी मागोमाग येईल म्हणून थांबावं तशी थांबली.

बाबलीचे पाय, जे आता त्याचे नव्हते, एकामागून एक खाटेवरून खाली उतरले.

"काका?" तुळसा म्हणाली. "काका, खंय चल्लात? डॉक्टरान चालूक नको म्हटल्यान मां? बसा. पेज थंड होतली..."